हाकेला ओ

कान हातात आला आणि सिलान्तोईला कळलं. बघावंही लागलं नाही. गाढवं सांभाळणाऱ्या किलोंझोने गाढविणीचं तोंड बगलेत धरलं होतं, सिलान्तोईच्या एका हातात मलमाचा वाडगा होता, आणि गोचिडांनी फोडलेल्या कानाला मलम लावता लावता तिचं बोट शेंड्यावरच्या चिरेत गेलं. शेंडा मधोमध चिरलेला, आणि खाली बाहेरच्या कडेला नखाएवढी अर्धगोल खाच. डावाच कान. ही खूण तिने पाण्याच्या रांगेत, धुळीत, शेकडो कानांमधून ओळखली होती. तिचं मलमाचं बोट आपोआप तिच्या स्वतःच्या कानाकडे गेलं, आणि पाळीवर, टाक्यांचा वण होता तिथे, थंडगार लागलं. किलोंझो हसला. "मॅडम, मलम गाढवाला लावायचंय," तो म्हणाला. तीही हसली. मग तो म्हणाला, हिचा कान कुणीतरी चावलेला दिसतोय, की कापलाय? आणि ती म्हणाली, "असेल." एवढंच म्हणाली. असेल म्हणायला काय लागतं? तोंड उघडायचं आणि शब्द सोडून द्यायचा. पण तो शब्द दिवसभर तिच्या घशात खरखरत राहिला, आणि संध्याकाळी मटाटूत, प्रवाशांच्या छोट्या व्हॅनमध्ये, खिडकीशी बसून नैरोबीजवळच्या कितेंगेलाला आपल्या खोलीवर परतताना तिच्या लक्षात आलं, की कानाचं मलम आपण अजून पुसलेलं नाही.

ही गाढवं ट्रकमधून आली होती. सरहद्दीकडच्या रस्त्यावर पोलिसांनी तो ट्रक अडवला तेव्हा आत गाढवं एकमेकांच्या अंगावर रचल्यासारखी उभी होती. चोरांनी ती मैदानातल्या वस्त्यांवरून हाकून आणलेली, आणि चामड्यासाठी कुठे जाणार होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. सिलान्तोई काम करायची त्या संस्थेने ती मागून घेतली. संस्थेच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, कायमचं घर. इथे आलेलं गाढव पुन्हा ओझं वाहणार नाही, पुन्हा कुणाच्या ताब्यात जाणार नाही. सिलान्तोई हे वाक्य पाहुण्यांना वाचून दाखवायची, इंग्रजीत, चांगल्या उच्चारात. तिची नोकरीच ती होती. गाढवांना मात्र ते वाक्य पटत नव्हतं. पहिले काही दिवस ती सगळी एका कोपऱ्यात, पार्श्वभाग बाहेर आणि तोंडं आत करून उभी राहिली. मग एकेक जण धुळीत लोळायला लागलं. गवत टाकलं की आधी मागे सरायची, माणूस गेला की खायची. आणि ती, चिरलेल्या कानाची, रोज पहाटे फाटकाशी जाऊन आडवी उभी राहायची. पाठ द्यायची. पाण्याचे कॅन बांधून घ्यायला उभी राहतात तशी. किलोंझो म्हणायचा, हिला अजून ड्युटी आहे असं वाटतंय. ऊन वर चढेपर्यंत ती तशीच उभी असायची, मग कुणी काही लादत नाही असं पाहून हळूच परतायची, काही चुकलं असावं तशी. सिलान्तोई ते ऑफिसच्या खिडकीतून बघायची आणि पडदा ओढायची.

तिचं लग्न झालं तेव्हा ती गावच्या काटेरी कुंपणाबाहेर उभी होती. मासाईंत नव्या सुनेनं असंच उभं राहायचं असतं. सासरच्यांनी काही देऊ केल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. कुणी म्हणतं, शेळी दिली. ती एक पाऊल. कुणी म्हणतं, मेंढी दिली. आणखी एक. आणि ज्याने जे दिलं, त्याच्याशी तिचं तेच नातं, त्याच जनावराच्या नावाने दोघांनी एकमेकांना आयुष्यभर हाक मारायची. चुलतसासऱ्याने कालवड देऊ केली, म्हणून तो आणि ती एकमेकांना कालवडीच्या नावाने बोलावू लागले. तरी दारापाशी येऊन ती अडली होती. पायात पैंजण रुतत होते, डोळ्यात धूर जात होता, आणि खरं सांगायचं तर ती रडत होती. तिला आईची आठवण येत होती, बाकी काही नाही. पण लोकांना वाटलं, पोरगी हावरी आहे, गाय मागते आहे. सासूकडे, नूलारामीकडे, गाय नव्हती. नवरा गेल्यावर गुरं दिरांकडे गेलेली. बायकांचं जे असतं तेवढं तिच्याकडे उरलं होतं, गाढवं. पुरुष त्यांना हात लावत नाहीत, म्हणून ती बायकांची. नूलारामी पुढे आली आणि म्हणाली, गाढवीण दिली. पाणी आणायची, तीच. सगळे हसले. सुनेला कुणी गाढव देतं का? पण नूलारामी हसली नाही, आणि सिलान्तोईने डोळे पुसून उंबरा ओलांडला. त्या दिवसापासून नूलारामी तिला म्हणायची, पासिकिरिया. गाढववाली. आणि ती सासूला म्हणायची, पासिकिरिया. एकीने दिलं, एकीने घेतलं, नाव मात्र दोघींचं एक. जगात सगळीकडे गाढव म्हटलं की शिवी होते. त्या घरात ते लाडाचं नाव होतं.

पारमुआत, तिचा नवरा, ट्रकखाली गेला त्याला काही वर्षं झाली. मूल नव्हतं. लिहितावाचता येत होतं, म्हणून ती शहरात आली. गाढवीण कुठे आणणार? ती नूलारामीकडेच राहिली. कागदावर पाहिलं तर ती आता कुणाची कोण होती? नवरा नाही, मूल नाही, मग सासू कसली आणि सून कसली. उरला होता तो एक शब्द. रविवारी शेजारच्या पोराच्या फोनवरून नूलारामी बोलायची, "पासिकिरिया, तुझ्याकडे पाणी येतं का गं?" आणि सिलान्तोई खोलीचं दार लावून घ्यायची. एकदा ऑफिसमध्ये फोन आला होता, आवाज बाहेर ऐकू गेला होता, आणि कुणीतरी विचारलं, पासिकिरिया म्हणजे काय? तिने अर्थ सांगितला. तिला वाटलं, गंमत वाटेल. तशी वाटलीही. पुढे बरेच दिवस चहाच्या वेळी कुणीतरी तिला गाढव म्हणून हाक मारायचं आणि सगळे प्रेमानेच हसायचे. तेव्हापासून ती दार लावून घ्यायची. कानाच्या पाळ्याही त्याच सुमाराला शिवून घेतल्या होत्या. लहानपणी भोक पाडून, लाकडाच्या चकत्या घालून वाढवलेल्या लोंबत्या पाळ्या. डॉक्टरने सांगितलं, दुखलं तर सांगा. तिला दुखलं नाही. नंतर नूलारामीने त्या पाहिल्या, बोटाने चाचपल्या, आणि म्हणाली, "बरं केलंस. काट्यात अडकायच्या." त्यापेक्षा ती रागावली असती तर बरं झालं असतं.

गेल्याच महिन्यात फोन आला होता. "आपली गेली गं," नूलारामी म्हणाली. रात्रीतून कुंपण तोडून नेली. आपली म्हणाली, माझी म्हणाली नाही. सिलान्तोई म्हणाली, सापडेल. आता सापडली होती, तर फोन करायला हवा होता. एक हाक मारायची, आणि पलीकडे त्या म्हातारीने नाचायचं. पण रविवार आला तशी ती स्वतःशी म्हणाली, समारंभ होऊन जाऊ दे. नवा गोठा झाला होता, नैरोबीहून आणि परदेशातून देणगीदार यायचे होते. नंतर सांगू, निवांत. खरं कारण तिला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असल्याचीच लाज होती. गाढवीण ओळखली म्हटलं की कान आले. ओचोलाबाई, संस्थेच्या प्रमुख, चांगल्या बाई होत्या. गाढवाच्या जखमा बघून त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी यायचं. त्यांना कापलेले कान सहन होत नसत. प्रत्येक बैठकीत त्या कानांचे फोटो दाखवायच्या, आणि सिलान्तोई प्रत्येक बैठकीत मान हलवायची. मान हलवून हलवून तिची मान त्या बाजूला वळायला शिकली होती. आता अचानक उभं राहून काय सांगायचं? की बाई, ही खूण आहे, जखम नाही. लहानपणीच चिरतात, राख लावतात, हरवलं तर ओळखावं म्हणून. की हा कान माझ्या घरचा आहे. की ही गाढवीण, कुणाची म्हणाल तर, माझीच.

समारंभाच्या दिवशी वारा होता आणि सिमेंटच्या कारखान्याकडून पांढरी धूळ येत होती. पाहुणे टोप्या धरून उभे होते. ओचोलाबाईंनी नेमकी तीच गाढवीण पुढे आणायला लावली, कारण तीच सर्वांत शांत होती, आणि तिचा कान पाहुण्यांना दाखवला. "बघा," त्या म्हणाल्या, "असं करताना माणसाचा हात कसा थरथरत नाही?" एका वयस्कर बाईने तोंडावर हात ठेवला. ओचोलाबाई सिलान्तोईकडे वळल्या. सिलान्तोई इथलीच आहे, या भागातली, ती सांगेल, असं म्हणाल्या. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मायेने, शिकून वर आलेल्या मुलीकडे बघावं तसं. ती म्हणाली, अज्ञानामुळे करतात. आता हळूहळू बदलतंय. तिला वाटलं आपला आवाज छान लागला. तेवढ्यात फाटकाकडून हाक आली.

"पासिकिरिया! अगं पासिकिरिया!"

नूलारामी फाटकाच्या गजांत तोंड घालून उभी होती. अंगाभोवती गुंडाळलेली लाल शुका धुळीने विटलेली, कानाच्या लांब पाळ्या वाऱ्यावर हलणाऱ्या, पाठीवर पिवळा पाण्याचा कॅन आणि हातात दुधाने भरलेला, वाळवून पोखरलेला भोपळा. कुणीतरी बाजारात सांगितलं असणार, ट्रक पकडला म्हणून. मटाटूने आली असेल, उरलेलं चालत. तिचा चेहरा एवढा हसरा होता की कुणालाही वाटावं, ही आपल्या जिवलगाला शोधत होती आणि ते सापडलं. ते खरंच होतं. ती सिलान्तोईकडे बघत होती. गाढविणीकडे तिने अजून पाहिलंच नव्हतं. पण गाढवीण आणि सिलान्तोई शेजारी शेजारी उभ्या होत्या, आणि हाक दोघींच्या मध्ये येऊन थांबली.

"काय म्हणते आहे ती?" ओचोलाबाईंनी विचारलं.

यावर उत्तर एकच होतं. मला बोलावते आहे, ही माझी सासू. एवढे शब्द. ते तिच्या जिभेवर होते, त्यांची चवसुद्धा तिला लागली. पण पाहुण्यांच्या नजरा म्हातारीच्या लोंबत्या कानांवर होत्या, मग गाढविणीच्या कानावर गेल्या, आणि सिलान्तोईला वाटलं, आता त्या माझ्या कानावर येतील. "गाढवाला हाक मारतेय," ती इंग्रजीत म्हणाली. मग किलोंझोला फाटक उघडायला सांगायचं म्हणून तेच स्वाहिलीत पुन्हा म्हणाली. पुंडा. गाढव. तो शब्द नूलारामीला येत होता. बाजारात जाणाऱ्या कुठल्या बाईला येत नाही?

पाहुणे हरखून गेले. टाळ्याही वाजल्या. म्हणजे हिला नाव आहे, असं ती वयस्कर बाई पुन्हा पुन्हा म्हणू लागली, आणि ते नाव जिभेवर घोळवून बघू लागली. किलोंझोने फाटक उघडलं. नूलारामी आत आली, पण आता चालताना हसत नव्हती. रीतीप्रमाणे सिलान्तोईने पुढे होऊन मान झुकवायची आणि म्हातारीने डोक्यावर हात ठेवायचा. म्हातारीचा हात सवयीने थोडा वर आला. सिलान्तोईने हात पुढे केला, ऑफिसात करतात तसा. दोन हात हवेत वेगवेगळ्या उंचीवर राहिले. मग नूलारामीने आपला खाली आणला आणि तिच्या हाताला जेमतेम लावला.

ओचोलाबाई म्हणाल्या, हिला विचार, कान हिनेच कापला का. सिलान्तोईने विचारलं. तिला वाटलं, मासाई भाषा आपल्या तोंडात कुणा दुसऱ्याची झाली आहे.

"माझ्या सासूच्या घराची खूण आहे," नूलारामी म्हणाली. "तुला ठाऊक आहे."

"ती म्हणते, जुनी पद्धत आहे," सिलान्तोईने इंग्रजीत सांगितलं.

ओचोलाबाईंनी सुस्कारा टाकला. त्यांना राग नव्हता आला, वाईट वाटत होतं. त्या म्हणाल्या, हिला समजावून सांग, आम्ही परत देऊ शकत नाही. कायद्याने मालकी सिद्ध करावी लागेल, ती गाढविणीला चांगलं सांभाळेल याची कुणा जबाबदार माणसाने हमी द्यायला हवी. अशी कुणी ओळख आहे का तिची? सिलान्तोईने हे सगळं शब्द न गाळता भाषांतर करून सांगितलं. हेच तेवढं तिने प्रामाणिकपणे केलं. जबाबदार माणूस म्हणताना तिने म्हातारीच्या पायांकडे पाहिलं. टायरच्या चपला, टाचांना भेगा. गाढवीण गेल्यापासून ही विहिरीवरून पाठीवर पाणी आणत असणार, कपाळाला पट्टा लावून, वाकून. ते विचारायची गरज नव्हती. कपाळावर पट्ट्याचा ताजा वळ होता.

 नूलारामी अगदी सावकाश, शब्द मोजून द्यावेत तशी बोलली. "सांग तिला, गाढवीण माझी नाहीच. मी ती दिलेली आहे. जिला दिली, तिला विचारा."

तिने दार उघडून दिलं होतं. लग्नाच्या दिवशी दिलं होतं तसंच, सगळे हसत असताना. एक पाऊल टाकायचं होतं.  पाहुणे वाट बघत होते. तिला त्या क्षणी कुणाची भीती नव्हती. नोकरी गेली नसती. ओचोलाबाईंनी तर तिला मिठीच मारली असती, सगळी गोष्ट ऐकून घेतली असती, पाहुण्यांना सांगितली असती. तेच तिला नको होतं. गोष्ट होणं. चहाच्या वेळची आणखी एक गोष्ट. एवढ्यासाठी, एवढ्याशा कारणासाठी, माणूस एवढं करतो, हे तिला पुढे कधीच कुणाला पटवता आलं नसतं.

"ती म्हणते, तिने ती देऊन टाकली होती," सिलान्तोई म्हणाली.

"देऊन टाकली?" ओचोलाबाई म्हणाल्या. "मग प्रश्नच मिटला."

सिलान्तोईने तेही भाषांतर करून सांगितलं. नूलारामीने मान डोलावली. ती गाढविणीजवळ गेली. गाढविणीने तिच्या शुकेचा वास घेतला, मग वळून, अंगाच्या सवयीने, तिच्यासमोर आडवी उभी राहिली. पाठ दिली. पाहुण्यांपैकी कुणीतरी म्हणालं, किती गोड. नूलारामीने तिच्या पाठीवरचा जुना घट्टा चोळला, नवे केस आले होते तिथे बोट फिरवलं, बरगड्या चाचपल्या, आणि मासाईत, कुणालाच उद्देशून नाही अशी, म्हणाली, भरलीय. खायला मिळतंय. मग दुधाचा भोपळा तिने किलोंझोच्या हातात दिला आणि मोडक्यातोडक्या स्वाहिलीत विचारलं, कॅन भरून मिळेल का? किलोंझोने नळाखाली भरून दिला, वर उचलून तिच्या पाठीवर चढवला. पट्टा तिने कपाळावर नीट बसवला. जाताना ती सिलान्तोईसमोर थांबली.

"येते, मॅडम," ती स्वाहिलीत म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. किलोंझो म्हणतो तसंच म्हणाली. सिलान्तोईने टोमणा शोधला, फार शोधला, पण तो नव्हता. तिची लाज झाकून जावी म्हणून म्हातारीने परकं होऊन दाखवलं होतं, आणि एकदा परकी झाली ती झालीच.

भोपळ्यातलं दूध सिलान्तोईने खोलीवर नेलं. राखेच्या वासाचं, नूलारामीच्या हातचं. ते तिला पिववेना आणि ओतवेना, म्हणून ते नासलं. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग तिनेच केला, ऑफिसमधून, जेवणाच्या सुट्टीत, कारण खोलीवर एकटीने करायचा धीर होत नव्हता. पोराने फोन म्हातारीला दिला. "कोण?" नूलारामीने विचारलं. "मी," सिलान्तोई म्हणाली. "मी कोण?" पलीकडून वारा ऐकू येत होता, कुठे तरी शेळ्यांच्या घंटा. तो एक शब्द म्हणायचा होता. म्हटला असता तर म्हातारीने ओ दिली असती, याची तिला आजही खात्री आहे. शेजारच्या टेबलावर दोघी जणी डबा खात होत्या. त्या ऐकत नव्हत्या. "सिलान्तोई," ती म्हणाली. "हां, सिलान्तोई," नूलारामी म्हणाली, "बरी आहेस ना? काम चांगलं आहे ना?" पाण्याचं तिने विचारलं नाही. सिलान्तोईनेही विचारलं नाही, कारण ते विचारायला तोंड हवं.

गाढवं आता रुळली आहेत. धुळीत लोळतात, भांडतात, गवताची गाडी दिसली की ओरडत धावतात. चिरलेल्या कानाचीही पहाटे फाटकाशी उभी राहत नाही. कधी थांबली ते सिलान्तोईला नक्की आठवत नाही. एके दिवशी तिने पडदा सरकवला तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं, आणि तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्या वयस्कर पाहुणीने गाढविणीचा जन्मभराचा खर्च देऊ केला, एकाच अटीवर, तिचं खरं नाव लागलं पाहिजे. म्हणून किलोंझोने लाकडाच्या फळीवर पांढऱ्या रंगात, ओळ वाकडी जाऊ नये म्हणून जीभ दाताखाली धरून, ते नाव रंगवलं आणि गोठ्याच्या दाराला ठोकलं. त्याने हौसेने विचारलं होतं, मॅडम, बरोबर लिहिलंय ना? बरोबर होतं. एकही अक्षर चुकलेलं नव्हतं.

परवा शाळेची सहल आली होती. सिलान्तोई गोठ्यामागे पेंढ्या मोजून घेत होती. मुलींना बाईंनी फळी वाचून दाखवली असावी, कारण सगळ्या मिळून गजांना लटकून ओरडायला लागल्या, पासिकिरिया, पासिकिरिया. गाढवीण गवत खात राहिली. तिने कानही हलवला नाही. हलवणार कशी, तिला त्या नावाने कधी कुणी बोलावलंच नव्हतं. नूलारामी तिला नुसतं जिभेने टक्‌ करून बोलवायची. मुली पुन्हा ओरडल्या, आणि सिलान्तोई, हातात पेंढी धरलेली, वळली आणि म्हणाली, "ओ."

 मुली खुदखुदल्या. पुढे उभी असलेली, दोन वेण्यांची, तिला समजावून सांगितल्यासारखी म्हणाली, "बाई, तुम्हाला नाही. ते गाढवाचं नाव आहे."

"हो," सिलान्तोई म्हणाली. "गाढवाचंच आहे."